एका गाडीत दोन ऋतू

मोटारीतील वातानुकूलन पूर्णपणे बंद पडले तर दोष शोधणे तुलनेने सोपे जाते, कारण कंप्रेसर फिरत नाही, ब्लोअर चालत नाही किंवा फ्यूज उडालेला असतो आणि शोध कोठून सुरू करायचा हे मेकॅनिकला लगेच कळते. खरी फसवी तक्रार असते ती अर्धवट चालणाऱ्या एसीची. चालकाच्या बाजूला थंडगार हवा येते आणि शेजारचा प्रवासी घामाघूम होतो. गाडी धावत असताना गारवा टिकतो आणि सिग्नलला थांबताच ओसरतो. पुढच्यांना शाल लागते आणि मागे बसलेले वर्तमानपत्राने वारा घेतात. अशा प्रत्येक तक्रारीवर अनेक गॅरेजांत एकच उत्तर तयार असते, ते म्हणजे ‘गॅस कमी झालाय, भरून घ्या’. हे उत्तर कधी कधी बरोबर असते, पण त्याच लक्षणामागे अडकलेला फ्लॅप, बुजलेली कॉइल, मंदावलेला पंखा किंवा साधा भरलेला फिल्टर असू शकतो. तापमानातला फरक डावी-उजवीकडे आहे की पुढे-मागे, तो थांबल्यावर दिसतो की तासाभराच्या प्रवासानंतर, एवढे निरीक्षण गाडीच्या मालकाने आधीच करून ठेवले, तर निम्मे निदान कोणतेही हत्यार हातात न घेता होते.

त्यासाठी हवा थंड कशी होते हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. एसी यंत्रणा केबिनमधील उष्णता उचलून गाडीबाहेर टाकते आणि हे काम शीतक वायू, म्हणजे बोलीभाषेतला ‘गॅस’, करतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कंप्रेसर हा वायू दाबतो. दाबामुळे तापलेला वायू रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रवरूप होतो. तो द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेतून पुढे जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये, जिला तांत्रिक भाषेत इव्हॅपोरेटर म्हणतात, तो उकळू लागतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो कॉइलवरून जाणाऱ्या हवेतून घेतो. आज भारतातील बहुसंख्य गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू साध्या वातावरणीय दाबाला उणे २६ अंश सेल्सियसच्या सुमारास उकळतो आणि त्याहून सुमारे २ बार अधिक दाब असेल तर शून्य अंशाच्या आसपास. म्हणूनच कॉइलमधला दाब योग्य राहणे हे सर्व गारव्याचे मूळ आहे.

विषम तापमानाची तक्रार मोटारीतल्या एसीइतकीच जुनी असावी. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९च्या अखेरीस बाजारात आणलेल्या गाड्यांत कारखान्यातूनच एसी बसवून देण्याची सोय प्रथम केली, तेव्हा कूलिंग कॉइल डिकीत होती आणि थंड हवा मागच्या सीटच्या पाठीमागून येत असे. शिवाय कंप्रेसरला क्लच नसल्याने एसी नको असेल तर इंजिनाचा पट्टा काढून ठेवावा लागे. १९५४मध्ये नॅश कंपनीने हीटर आणि एसी एकत्र करून सारी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात आणली आणि आजच्या मांडणीचा पाया घातला गेला. त्या मांडणीने सोय केली, पण थंड व गरम हवेचे भांडणही एकाच पेटीत आणून ठेवले.

ही पेटी डॅशबोर्डच्या मागे असते. ब्लोअर बाहेरची किंवा केबिनमधलीच हवा ओढतो, ती केबिन फिल्टरमधून आणि मग कूलिंग कॉइलवरून जाते, आणि त्यापुढे तिला दोन वाटा असतात. एक वाट थेट झरोक्यांकडे जाते आणि दुसरी हीटर कॉइलमधून. हीटर कॉइल म्हणजे इंजिनाचे गरम कूलंट ज्यातून वाहते तो छोटा रेडिएटर. किती हवा कोणत्या वाटेने जाईल हे ब्लेंड डोअर नावाचा प्लास्टिकचा फ्लॅप ठरवतो, म्हणजे न्हाणीघरातल्या गरम आणि गार पाण्याच्या मिक्सर नळाचे जे काम, तेच येथे हवेच्या बाबतीत होते. अनेक गाड्यांत हीटर कॉइलकडे जाणारे कूलंट अडवणारा व्हॉल्व्हच नसतो, त्यामुळे चंद्रपूरच्या मे महिन्यातही त्या कॉइलमधून ९० अंशांच्या आसपासचे कूलंट वाहत असते आणि थंड हवेचे रक्षण फक्त त्या फ्लॅपच्या घट्ट बसण्यावर अवलंबून असते. फ्लॅपच्या कडेचा स्पंज झिजला किंवा फ्लॅप बोटभर उघडा राहिला, तरी गॅस पुरेसा असलेला, कंप्रेसर उत्तम असलेला एसी कोमट वाटू लागतो.

डावी-उजवीकडचा फरक समजून घेण्यास येथून सुरुवात करावी. ज्या गाड्यांत चालक आणि शेजारचा प्रवासी यांना वेगवेगळे तापमान ठरवता येते, त्या गाड्यांत दोन ब्लेंड डोअर असतात आणि प्रत्येकाला फिरवणारी छोटी विद्युत मोटर, म्हणजे ॲक्च्युएटर, वेगळी असते. तिच्या आत प्लास्टिकचे दातेरी चक्र असते. त्याचे दात तुटले की गाडी सुरू करताना डॅशबोर्डमागून टक-टक असा आवाज काही वेळ येतो आणि एका बाजूचा फ्लॅप जेथल्या तेथे राहतो. बॅटरी बदलल्यानंतर काही गाड्यांत ॲक्च्युएटर आपली दोन टोके विसरतो, अशा वेळी सुटा भाग बदलण्याची गरज नसते, ठरलेल्या पद्धतीने त्याचे पुन्हा कॅलिब्रेशन करून घेणे पुरते. जुन्या गाड्यांत ॲक्च्युएटरऐवजी तारेची केबल असे आणि ती क्लिपमधून निसटणे हा नेहमीचा दोष होता. तो दुरुस्त करण्यास पैसे जवळजवळ लागत नाहीत, फक्त डॅशबोर्डखाली वाकून पाहण्याची तयारी लागते.

परंतु एकच तापमानबटण असलेल्या, म्हणजे एकच फ्लॅप असलेल्या गाडीतही डावीकडे आणि उजवीकडे फरक पडतो, आणि तेथे गॅस कमी असण्याची शक्यता खरोखरच मोठी असते. कूलिंग कॉइलमध्ये द्रव एका टोकाकडून शिरतो. गॅस पुरेसा असेल तर तो जवळपास पूर्ण कॉइलभर उकळत जातो आणि कॉइलचा सर्व पृष्ठभाग सारखा थंड राहतो. गॅस कमी असेल तर तो प्रवेशाजवळच उकळून संपतो आणि उरलेल्या भागातून नुसतीच तापत जाणारी वाफ फिरते. कॉइलच्या थंड भागावरून आलेली हवा आणि कोमट भागावरून आलेली हवा पेटीत पूर्णपणे मिसळत नाही, त्यामुळे एका बाजूच्या झरोक्यांना थंड हवा मिळते आणि दुसऱ्या बाजूला तिचे उरलेसुरले. कोणती बाजू कोमट राहील हे कॉइलच्या रचनेवर अवलंबून असते, म्हणून ‘चालकाकडे गार नाही म्हणजे गॅस कमी’ असा सरसकट नियम करता येत नाही.

फ्लॅपचा दोष आणि गॅसची कमतरता यांतला भेद साध्या तापमापकाने करता येतो. इंजिन पूर्ण तापल्यावर, केबिनमधलीच हवा फिरवणारे बटण दाबून आणि ब्लोअर मध्यम वेगावर ठेवून, दोन्ही टोकांच्या झरोक्यांत स्वयंपाकघरातला साधा डिजिटल तापमापकही लावला तरी चालतो. आधी तापमानबटण सर्वांत थंड टोकाला आणि मग सर्वांत गरम टोकाला नेऊन आकडे लिहून घ्यावेत. गरम टोकाला दोन्ही बाजू सारख्या तापल्या आणि थंड टोकालाच फरक राहिला, तर संशय गॅसवर किंवा कूलिंग कॉइलवर जातो. उलट थंड टोकाला दोन्ही बाजू सारख्या असून गरम टोकालाच एक बाजू मागे पडली, तर दोष हीटर कॉइलमध्ये शोधावा. बटण कोणत्याही टोकाला नेले तरी एका बाजूचा आकडा हलतच नसेल, तर त्या बाजूचा फ्लॅप अडकला आहे. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे, कारण गरम टोकाला अडकलेला फ्लॅपही पहिल्या चाचणीत गॅसच्या कमतरतेसारखाच दिसू शकतो: गॅस कमी असल्यामुळे कोमट झालेली हवा ओढून घेतलेल्या हवेपेक्षा गरम असू शकत नाही, कारण तिला तापवणारे तेथे काहीच नसते; झरोक्यातून येणारी हवा केबिनमधल्या हवेपेक्षाही गरम लागत असेल, तर ती हीटर कॉइलवरून आलेली आहे आणि गॅस भरून काहीही साधणार नाही.

आता गॅसविषयी. हा वायू पेट्रोलप्रमाणे जळून संपत नाही; बंद नळ्यांत तोच वायू वर्षानुवर्षे फिरतो आणि रबरी नळ्यांतून अतिशय सावकाश होणारी झिरप सोडली, तर तो कमी होण्याचा अर्थ कोठेतरी गळती आहे एवढाच असतो. दर उन्हाळ्यात गॅस भरून घेण्याची सवय म्हणूनच आक्षेपार्ह आहे: तिच्यात रोगाला हात न लावता दरवर्षी औषधाचे पैसे दिले जातात. गळतीच्या ठरलेल्या जागा म्हणजे नळ्यांच्या जोडांवरील रबरी ओ-रिंगा, कंप्रेसरच्या शाफ्टचे सील, दगड लागलेला कंडेन्सर आणि ओल व धूळ धरून पोखरली गेलेली कूलिंग कॉइल. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे ॲल्युमिनियमचा कंडेन्सर लवकर गंजतो, त्यामुळे तेथे संशयाची सुरुवात त्याच्यापासून करणे शहाणपणाचे ठरते. गॅसबरोबर कंप्रेसरचे तेलही बाहेर येत असल्याने गळतीच्या जागी तेलकट धुळीचा थर जमतो आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. न दिसणारी गळती नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहून किंवा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग यंत्रणेत सोडून शोधता येते.

छोट्या गाडीत सामान्यतः चारशे-पाचशे ग्रॅमच्या आसपास गॅस बसतो आणि नेमके प्रमाण बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेले असते. एवढ्या थोड्या प्रमाणात शंभर ग्रॅमचा फरक म्हणजे पाचवा हिस्सा, म्हणून केवळ गेजकडे पाहून ‘अंदाजे’ गॅस भरण्याची पद्धत विश्वासार्ह नाही. जुना गॅस यंत्राने काढून घेणे, व्हॅक्यूम पंपाने यंत्रणा अर्धा तास तरी रिकामी ठेवणे आणि मग वजन करून गॅस भरणे ही खरी पद्धत आहे. व्हॅक्यूमचा उद्देश केवळ हवा काढण्याचा नसतो. अतिशय कमी दाबाखाली आतली ओल खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होते आणि निघून जाते. ती राहिली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी तिचा बर्फ होतो, वाट बुजते, काही वेळाने बर्फ वितळून वाट मोकळी होते, आणि गाडीत आलटून पालटून गार व गरम हवा येण्याचा चमत्कारिक खेळ सुरू होतो. जास्त भरलेला गॅसही तितकाच घातक आहे, कारण कंडेन्सरमध्ये द्रवाची गर्दी होऊन दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो.

गाडी धावताना गार आणि थांबल्यावर गरम, ही दुसऱ्या प्रकारची विषमता. जागेऐवजी ती वेळेत दिसते आणि तिचे उत्तर बहुतेक वेळा गाडीच्या नाकापाशी मिळते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कंडेन्सरवर वाऱ्याचा झोत आपोआप येतो. शहरातल्या कोंडीत ते काम कंडेन्सरच्या पंख्याला करावे लागते. पंख्याची मोटर मंदावली असेल, त्याचा रिले अडखळत असेल किंवा कंडेन्सरच्या पात्यांत चिखल, किडे आणि सुका पाला अडकला असेल, तर उष्णता बाहेर टाकलीच जात नाही. एसी सुरू करून बॉनेट उघडले आणि पंखा फिरतो का ते पाहिले, तर या दोषाचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. कंडेन्सर धुताना मात्र जोरदार प्रेशरचे पाणी टाळावे, कारण त्याची नाजूक पाती वाकली की हवेची वाट कायमची बुजते.

याच्या नेमकी उलट तक्रार लांबच्या प्रवासात येते: पहिला तासभर उत्तम गारवा, मग झरोक्यांतून येणारी हवा हळूहळू कमी होते, आणि एसी दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवला की सर्व पुन्हा सुरळीत. हे कूलिंग कॉइलवर बर्फ साचल्याचे लक्षण आहे. कॉइलचे तापमान शून्याजवळ येताच कंप्रेसरला थांबवणारा किंवा त्याचे काम कमी करणारा एक छोटा सेन्सर तेथे असतो. तो बिघडला किंवा जागेवरून सरकला की कॉइलवर जमणारे दव गोठते आणि हवा अडते. भरलेला केबिन फिल्टरही हवा कमी करून याच संकटाला आमंत्रण देतो. अनेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असणारा हा फिल्टर साधारण दहा ते पंधरा हजार किलोमीटरनंतर बदलावा असे उत्पादक सांगतात, परंतु गाडी चार वर्षे वापरूनही तो अस्तित्वात आहे याचा पत्ता नसलेले मालक कमी नाहीत. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावरच चालतो आणि बाकीच्या वेगांवर मुका राहतो, ही तक्रारही ‘गारवा कमी आहे’ या नावाने गॅरेजात येते. तिचे कारण ब्लोअरचा रेझिस्टर जळालेला असणे हे असते, कारण सर्वाधिक वेगावर वीज त्याला वगळून थेट मोटरकडे जाते.

पुढे-मागेच्या फरकात दोष कमी आणि गैरसमज अधिक असतो. पाच आसनी गाडीतले मागचे झरोके बहुधा पुढच्याच पेटीतून आलेल्या लांब नळीचे टोक असतात, त्यामुळे तेथे पोहोचेपर्यंत हवेचा जोर आणि गारवा दोन्ही घटतात. सात आसनी गाड्यांपैकी काहींत मागच्यांसाठी स्वतंत्र कूलिंग कॉइल असते, तर काहींत केवळ केबिनमधली हवा ओढून मागे फेकणारा पंखा असतो, आणि विक्रीच्या वेळी दोघांनाही ‘रिअर एसी’ असेच म्हटले जाते. स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत पुढे उत्तम गारवा आणि मागे कोमट हवा असेल, तर मागच्या कॉइलचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तपासणे योग्य. नुसता पंखा असलेल्या गाडीत पुढचे मधले दोन झरोके वर, छताच्या दिशेने वळवणे हा उपाय अधिक उपयोगी पडतो, कारण थंड हवा जड असल्याने ती छताखालून मागे जात जात खाली उतरते.

हीटरची विषमता महाराष्ट्रात क्वचित जाणवते, पण लडाखला किंवा हिमाचलला स्वतःची गाडी नेणाऱ्यांना आणि थंड देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ती चांगलीच ठाऊक असते. हीटर कॉइलच्या नळ्या अतिशय बारीक असतात. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरवेलचे पाणी ओतले असेल, तर त्यातल्या क्षारांचा थर त्या नळ्यांत बसतो आणि कॉइलचा अर्धा भाग गरम, अर्धा थंड राहतो. इंजिन तापल्यावर हीटरकडे जाणारी आणि तेथून परतणारी अशा दोन रबरी नळ्या सावधपणे चाचपून पाहाव्यात. पहिली कडक गरम आणि दुसरी जेमतेम कोमट असेल, तर कॉइल बुजली आहे किंवा तिच्यात हवेचा बुडबुडा अडकला आहे. दोन्ही गरम असूनही हवा थंड येत असेल, तर गुन्हेगार पुन्हा तो फ्लॅपच. इंजिनाचा वेग वाढवला की हवा गरम येते आणि गाडी उभी राहिली की थंड, हे कूलंट कमी झाल्याचे किंवा यंत्रणेत हवा शिरल्याचे चिन्ह असते. कूलंटची पातळी बाहेरच्या टाकीतच पाहावी. तापलेल्या इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे दाबाखालचे उकळते पाणी अंगावर घेणे होय. काचेवर आतून तेलकट धुके आणि गाडीत गोडसर वास येत असेल, तर हीटर कॉइल गळू लागली आहे, आणि तेथे हयगय चालत नाही.

यंत्रणा निर्दोष असतानाही उरणारा एक फरक उन्हाचा असतो. सकाळी पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना सूर्य डावीकडे, म्हणजे चालकाशेजारच्या प्रवाशावर असतो आणि दुपारी तो चालकाच्या बाजूला येतो. काचेतून थेट अंगावर पडणारे ऊन झरोक्यातल्या आठ-दहा अंशांच्या हवेलाही पुरून उरते. काही महागड्या गाड्यांत डॅशबोर्डवर ऊन मोजणारा सेन्सर असतो आणि उन्हाच्या बाजूला आपोआप अधिक थंड हवा दिली जाते. तेथे ‘डावीकडे जास्त गार’ हा दोष नसून हेतू असतो, आणि त्या सेन्सरवर देवाची मूर्ती किंवा अत्तराची कुपी ठेवली की सारे गणित बिघडते. काचांतून आत येणारा प्रकाश पुढील व मागील काचेला किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांना किमान ५० टक्के असावा, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. गडद फिल्म लावून उन्हावर मात करण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा नाही. उन्हात उभी असलेली गाडी सुरू करताना आधी काचा उघडून तापलेली हवा बाहेर काढणे आणि पहिली काही मिनिटे गेल्यावरच आतली हवा फिरवण्याचे बटण दाबणे हा उपाय बिनखर्चाचा आहे.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी या हिशेबात नवी भर घातली आहे. त्यांत इंजिनाची फुकट उष्णता नसल्याने हीटर विजेचा असतो किंवा एसीची यंत्रणाच उलटी चालवून केबिन तापवली जाते. आणि अनेक गाड्यांत तोच शीतक वायू बॅटरीलाही थंड ठेवतो. भर उन्हात जलद चार्जिंग करताना केबिनचा गारवा कमी झाला, तर यंत्रणेने बॅटरीला प्राधान्य दिलेले असू शकते, आणि चार्जिंग संपल्यावर तो आपोआप पूर्ववत होतो की नाही हे पाहिल्याशिवाय अशा गाडीचा गॅस कोणालाही काढू देऊ नये.